कारणाचा रकाना

कॉलेज बदलण्याच्या अर्जात खालच्या बाजूला एक रकाना असतो, 'बदलाचे कारण'. दीड ओळीची जागा. मी १९८५ साली एका कॉलेजच्या ऑफिसात ज्युनिअर क्लार्क म्हणून लागले आणि २०२० साली हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले. म्हणजे ३५ वर्षं मी हा रकाना वाचला. त्यात सर्वांत लाडकं कारण 'राहण्याचे ठिकाण बदलल्यामुळे'. अर्जाच्या वरच्या बाजूला पत्ता मात्र तोच, प्रवेशाच्या वेळी दिलेला. मग 'प्रकृतीच्या कारणास्तव', मग 'घरगुती अडचण'. 'मला इथे करमत नाही' असं लिहिलेला अर्ज एकदाही माझ्या टेबलावर आला नाही. खिडकीशी उभं राहून मुलं बोलायला लागली की बहुतेकांचं तेच असायचं.

आता मी मुंबईत ठाकूरद्वारला, माझ्या माहेरच्याच चाळीत राहते. नोकरी संपली तरी खिडकी काही सुटली नाही. वाडीतल्या कुणाचं बोनाफाईड अडलं, कुणाचा विषय राहून एटीकेटी लागली, की येतात वर. २०२४ च्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मागच्या चाळीतली एक मुलगी आली. जूनमध्ये तिने टाउनमधल्या एका नामवंत कॉलेजात बीकॉमला प्रवेश घेतला होता. पेढे मी खाल्ले होते. आता ती चकलीचे तुकडे करत बसली, खाईना, आणि म्हणाली, "मावशी, कॉलेज बदलता येतं का?"

मी क्लार्कसारखं उत्तर दिलं. येतं, पण आत्ता नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, त्या वर्षासाठी प्रवेश रद्द केल्यास ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १००० रुपये कापून बाकीची परत, असं ठरवून दिलं होतं. तो दिवस होता ४ नोव्हेंबर. चार दिवसांनी गाडी चुकली होती. आता वर्ष पुरं करायचं आणि जूनमध्ये एसवायला दुसरीकडे जायचं, हाच रस्ता.

"म्हणजे अजून सात महिने?" तिचे डोळे भरले. मग मी क्लार्कपणा बाजूला ठेवून चहा टाकला.

ती मराठी माध्यमाची. वर्गात तिला कळत होतं सगळं, हिशेबात तर ती पहिल्या पाचांत. पण कुणी त्रास दिला का विचारलं तर नाही. कुणी हसतं का, नाही. "कुणी काही करतच नाही गं मावशी. मी असले काय, नसले काय." मधल्या सुट्टीत बाकीचे कॉफी प्यायला बाहेर जातात. एका कॉफीच्या पैशात आपल्याकडे नाक्यावर विनयमध्ये मिसळ खाऊन वर पीयूष येईल. ती एकदा गेली, दुसऱ्यांदा पोट दुखतंय म्हणाली. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.

मला माझं १९८० साल आठवलं. मी मुलींच्या मराठी शाळेतून एका मोठ्या, दगडी कमानींच्या कॉलेजात एफवायबीएला गेले होते. ट्युटोरियलला सरांनी मला एक उतारा मोठ्याने वाचायला सांगितला. त्यात 'केऑस' हा शब्द होता. मी तो अक्षरांप्रमाणे वाचला, 'चाओस'. वर्ग हसला. दुष्टपणे नव्हे, आपण कुणाची टोपी उडाली की हसतो तसा. सरही हसले. पुढे कितीतरी दिवस मागच्या बाकावरून 'चाओस' ऐकू यायचं, आणि एका मुलीने माझ्यासमोरच दुसरीला सांगितलं, "शी इज अ व्हर्नी." व्हर्नाक्युलरवाली. हजेरीला 'प्रेझेंट सर' म्हणतानाही माझा घसा कोरडा पडायचा.

मी एसवायला दादरकडच्या एका कॉलेजात गेले. अर्जावर कारण लिहिलं, राहण्याचे ठिकाण बदलल्यामुळे. राहत होते याच खोलीत.

नव्या कॉलेजात सगळीकडे मराठी. जिन्यात मराठी, कँटीनमध्ये मराठी, प्राध्यापकांचे विनोदसुद्धा मराठी. आणि मी दिवाळीपर्यंत एकटी बसले. कारण जे ग्रुप जमायचे ते एफवायला जमून गेले होते. एसवायला आलेली मुलगी म्हणजे लग्न लागल्यावर पोचलेला पाहुणा. इंग्रजीच्या तासाला तर इथेही वाचायला सांगायचे. 'चाओस' मी बरोबर घेऊन आले होते, चर्नी रोड ते दादर, रोजच्या पासावर. शेवटी एका मुलीने माझ्या वहीतलं अक्षर बघून अर्थशास्त्राच्या नोट्स मागितल्या आणि तिथून माझं बस्तान बसलं. पुढे ऑफिसातली नोकरी लागली तीही बहुधा त्याच अक्षरावर. मी कॉलेज बदललं ते चांगलं केलं का? खरं सांगते, माझं मलाच आजवर ठरवता आलेलं नाही. पहिल्या कॉलेजात एक वर्ष आणखी काढलं असतं तर तिथेही कुणीतरी वही मागितली असती, असं कधीकधी वाटतं.

म्हणून मी तिला 'बदल' किंवा 'बदलू नकोस' यातलं काहीच सांगितलं नाही. तिचं वेळापत्रक आणायला सांगितलं आणि हातात लाल पेन्सिल दिली. ज्या ज्या वेळी पोटात गोळा येतो तिथे रेघ मार. तिला वाटलं सगळा कागद लाल होईल. झालं भलतंच. तासांवर रेघा दोनच, एक प्रेझेंटेशनचा आणि एक ग्रुपने प्रोजेक्ट करायचा. बाकी सगळ्या रेघा दोन तासांच्या मधल्या जागेत होत्या. रिसेस, मोकळा तास, सुटल्यावर गेटपर्यंतचा रस्ता. अकाउंट्सच्या तासापुढे तर तिने न सांगता एक चांदणी काढली होती.

हे वेगळं काढणं फार गरजेचं असतं. 'जमत नाही' या एका शब्दात मुलं चार गोष्टी कोंबतात. विषय जमत नाही, माणसं जमत नाहीत, भाषा जमत नाही, किंवा प्रवासच जमत नाही. विषय जमत नसेल तर कॉलेज बदलून काय होणार, मुंबई विद्यापीठाचं बीकॉम चौपाटीला केलं काय आणि परळला केलं काय, ताळेबंद तोच. तिथे शाखा बदलायचा विचार हवा, आणि तो जितका लवकर तितका बरा.

प्रवासाचं दुःख सहसा कुणी दुःख म्हणून सांगतच नाही. गिरगावातल्या चाळी पाडून टॉवर झाले, माणसं विरार, बदलापूर, डोंबिवलीला गेली, पण मुलांचं कॉलेज टाउनमध्येच राहिलं. सकाळी पावणेसहाला घर सोडणारी मुलं माझ्या खिडकीशी यायची. शेवटचा तास संपला की गाडी गाठायला पळायची. मंडळ नाही, नाटकाच्या तालमी नाहीत, कट्ट्यावर टाइमपास नाही. ओळखी होतात त्या नेमक्या अशा बिनकामाच्या वेळात. मग तीन महिन्यांनी त्यांना वाटतं, आपल्यातच काही खोट आहे. अशा एका मुलाच्या आईला मी स्वतः सांगितलं होतं की याला कल्याणकडचं कॉलेज बघा. तो गेला, आणि दोन वर्षांनी तिथल्या एकांकिकेचा बोर्ड घेऊन मला दाखवायला आला.

माणसं जमत नाहीत, याबद्दल माझ्या नोकरीच्या कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या मॅडम एक गोष्ट सांगायच्या. अमेरिकेत ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या दोघांनी पहिल्या वर्षाच्या मुलांवर एक प्रयोग केला, २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात तो छापून आला. मुलांना तासभर बसवलं आणि वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले. सार एवढंच, की सुरुवातीला आम्हालाही इथे परकं वाटत होतं, हळूहळू गेलं. मग मुलांना स्वतःबद्दल लिहायला लावलं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं, पदवीपर्यंत, सुधारलेले दिसले. तासाभराच्या वाचनाने असं का व्हावं? मॅडम म्हणायच्या, ज्याला आधीच शंका असते की ही जागा आपल्यासारख्यांची नाही, तो प्रत्येक बारीक गोष्ट पुरावा म्हणून गोळा करतो. डबा एकट्याने खाल्ला, पुरावा. सरांना नाव आठवलं नाही, पुरावा. शेजारच्या मुलालाही तसंच वाटतंय हे कळलं की पुराव्याचा जोर कमी होतो. मला हे ऐकून 'चाओस' आठवलं. त्या ट्युटोरियलमध्ये आणखी तीन मराठी शाळांतल्या मुली होत्या, आणि त्यांनाही तो शब्द येत नव्हता हे मला पुष्कळ वर्षांनी एका लग्नात कळलं.

मॅडम आणखी एक सांगायच्या. कॉलेज बदललेल्या मुलांचे गुण नव्या ठिकाणी पहिल्या सत्रात बरेचदा घसरतात, आणि अमेरिकेत १९६० च्या दशकापासून त्याला 'ट्रान्सफर शॉक' असं नावच आहे. तो मी रजिस्टरमध्ये बघितलेला आहे. नाव माहीत नव्हतं.

पण काही वेळा वाट बघू नये. कुणी रॅगिंग करत असेल, जातीवरून किंवा आडनावावरून टोमणे मारत असेल, अंगचटीला येत असेल, तर तो 'फिट' होण्या-न होण्याचा प्रश्नच नव्हे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, यूजीसीची १८००-१८०-५५२२ ही मदतवाहिनी आहे, प्रत्येक कॉलेजात तक्रार समिती असायला हवी. आधी लेखी तक्रार, तिची पोच घ्यायची, आणि बदली करायची तर ती आपल्या मर्जीने करायची. असल्या प्रकरणात गुपचूप 'घरगुती अडचण' लिहून गेलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या अर्जावर मी शिक्का मारला आहे. ते आठवलं की बरं वाटत नाही.

डॉ. आंबेडकर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांच्या पाणी पिण्यावर आक्षेप घेतला होता. पोरांचे ते आवडते, पण प्राध्यापकांच्या खोलीत पाण्याच्या भांड्यावरून हे. त्याच माणसाने २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, आता ते फोर्टात आहे, आपल्या ठाकूरद्वारहून चालत जाण्यासारखं, आणि नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. कॉलेजच्या वेळा कुणाच्या सोयीच्या असतात, हाही शेवटी सामावण्याचाच प्रश्न. आमच्या चाळीतले दोन जण तिथे सकाळी तास करून दहाच्या ठोक्याला ऑफिसात हजर असत.

त्या मुलीला मी आणखी एक काम दिलं. जिथे जायचं म्हणतेस ते कॉलेज बघून ये. ती म्हणाली, वेबसाइट पाहिली. म्हटलं, वेबसाइटवर सगळी कॉलेजं हसतच असतात. साध्या मंगळवारी बारा वाजता जा. नोटीस बोर्ड वाच, तारखा बघ, गेल्या वर्षीचीच पत्रकं लटकलेली असली तर समज. लायब्ररीत बसायला जागा असते का ते पाहा. कँटीनमध्ये एकटी बसलेली मुलं आहेत का पाहा. जिथे एकट्याने बसलं तरी कुणी वळून बघत नाही, ते बरं कॉलेज. हल्ली आयकार्डाशिवाय गेटवर सोडत नाहीत, म्हणून मी जुन्या ओळखीच्या एका क्लार्कला फोन केला आणि आम्ही दोघी गेलो. परतताना ती बडबडत होती. जाण्याच्या जागेबद्दल बोलणारं मूल आणि नुसतं सुटायचं म्हणणारं मूल खिडकीतून लगेच वेगळं ओळखू येतं. दादासाहेब फाळके १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये होते, पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे त्यांना छायाचित्रण मिळालं. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला तो आपल्या गिरगावातल्याच कोरोनेशन सिनेमात. त्यांच्या अर्जात कारणाचा रकाना असता तर तो भरायला त्यांना अडचण आली नसती, असं आपलं मला वाटतं.

आता कागदांचं. हे लोकांना रुक्ष वाटतं, मला नाही, कारण निर्णय पुष्कळदा इथेच अडतो. ठाकूरद्वार नाक्यावर उभं राहिलं की चौपाटीकडे विल्सन, धोबीतलावला झेवियर्स, पुढे न्यू मरीन लाइन्सला एसएनडीटी, चर्चगेटला के. सी., एच. आर., जयहिंद, सिडनहॅम, काळ्या घोड्याला एल्फिन्स्टन. सगळी तंगडतोड करण्याच्या अंतरावर. पूर्वी यातली महिला विद्यापीठाची एसएनडीटी सोडली तर बाकी सगळी मुंबई विद्यापीठाची होती. २०१९ साली डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं, त्यात एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम गेली. २०२० साली एचएसएनसी विद्यापीठ झालं, त्यात के. सी. आणि एच. आर. गेली. पालकांना हे माहीत नसतं. त्यांना वाटतं, सिडनहॅममधून जयहिंदला जायचं म्हणजे रस्ता ओलांडायचा. कागदावर ते एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाणं आहे. मग मायग्रेशन सर्टिफिकेट, नव्या विद्यापीठाची पात्रता, अभ्यासक्रम जुळतो का याची तपासणी, सगळं आलं. एकाच विद्यापीठात बदल असेल तर जुन्या कॉलेजची एनओसी आणि नव्याकडे रिकामी जागा, एवढ्यावर बरंच निभतं. स्वायत्त कॉलेज असेल तर पदवी मुंबई विद्यापीठाची पण अभ्यासक्रम कॉलेजचा स्वतःचा, तेव्हा पेपर ताडून बघतात.

माझ्या जागेवर आलेली मुलगी अजून अडलं की फोन करते, त्यामुळे नवीन शैक्षणिक धोरणाचंही थोडं कळतं. २०२१ साली क्रेडिटची बँक सुरू झाली. पास झालेल्या विषयांची क्रेडिट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. बोलायला सोपं, घेतलं खातं आणि निघालं. पण क्रेडिट जमा असली म्हणून एसवायला जागा मिळतेच असं नाही, कारण जागा बहुतेकदा तेव्हाच रिकामी होते जेव्हा तिथलं कुणीतरी जातं. आणि मेजर-मायनर जुळायला हवं. इथे घेतलेलं मायनर तिथे शिकवतच नसतील तर सगळं मुसळ केरात. एटीकेटी असेल तर मी नेहमी सांगायचे, आधी ती सोडव. नाहीतर एक पाय या कॉलेजात, एक त्या.

आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. यूजीसीने २०१८ मध्येच तसं बजावलं आहे. लायब्ररीचं पुस्तक मात्र परत करा बाबांनो. एका पुस्तकावरून आठ-आठ दिवस नो ड्यूज अडतं आणि शिव्या क्लार्कला बसतात.

जानेवारीत तिने पुन्हा रेघा मारल्या. लाल कमी झालं होतं. कॉलेजच्या मराठी वाङ्मय मंडळाच्या कार्यक्रमाचा हिशेब तिने सांभाळला, तिथे बोरिवलीची एक मुलगी भेटली, तीही कॉफीला न जाणारी. दोघी डबा गच्चीच्या जिन्यात खायला लागल्या. मला वाटलं, संपलं प्रकरण, आता राहील तिथेच.

जूनमध्ये ती अर्ज घेऊन आली. तिला बदलायचंच होतं. काळबादेवीला एका सीएच्या ऑफिसात दुपारी बारा ते सहा बसायला मिळत होतं, थोडेफार पैसे आणि शिकायला भरपूर. तिच्या कॉलेजचे तास साडेदहाला सुरू होत. आम्ही पाहून आलेल्या कॉलेजात बीकॉमचे वर्ग सकाळी सातला भरून अकराला सुटतात. पंचाहत्तर टक्के हजेरीही भरते आणि घरी येऊन जेवून चालत काळबादेवी. विद्यापीठ एकच, मायनर तेच, एटीकेटी नाही. बोरिवलीच्या मैत्रिणीशी बोलून झालं होतं, ती रडली होती आणि मग दोघींनी रविवार ठरवून टाकला होता.

कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'सकाळचे वर्ग हवेत. दुपारी नोकरी करायची आहे.' मी चष्मा लावून दोनदा वाचलं.

तिसऱ्या दिवशी ती परत आली. खिडकीवरच्या बाईंनी तिला समजावलं होतं, की नोकरीचं नको लिहूस, उगाच हजेरीवरून कुणीतरी शंका काढेल. राहण्याचं ठिकाण बदललं असं लिही, लवकर होतं. चांगल्या मनाने सांगितलं होतं हो. मीही ३५ वर्षं हेच सांगत आले.

"मग काय करू?" तिने विचारलं. मी म्हटलं, अर्ज तुझा आहे.

तिने खोडलं नाही. एनओसी आठ दिवस उशिरा मिळाली.